फेयॉलला हे कुठे कळलं?

जुलैतला मंगळवार, सकाळी सात वीसचं लेक्चर. बाहेर भुरभुर सुरू होती आणि वर्गात ओल्या रेनकोटांचा रबरी वास कोंदला होता. बीबीएच्या पहिल्या वर्षाला व्यवस्थापनाची तत्त्वं शिकवायला लागून मला सोळा वर्षं झाली. ‘हेन्री फेयॉल’ लिहिताना आता हात आपोआप चालतो. त्याच्यापुढे १८४१ ते १९२५, खाली चौदा तत्त्वांचे आकडे. पहिलं तत्त्व, श्रमविभागणी, आदल्या दिवशी झालं होतं. दुसरं, अधिकार आणि जबाबदारी, नुकतं सुरू केलं होतं, तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि एक मुलगा आत डोकावला. केसांतून पाणी निथळत होतं. वीस मिनिटं उशीर. मी त्याला दारातच उभं केलं आणि म्हणाले, “सकाळचं कॉलेज घेतलंय ना? मग सकाळी उठायची सवय लावा.” तो काही बोलला नाही. मान खाली घालून मागून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. मी पुन्हा व्याख्येकडे वळले. दहा मिनिटांनी त्याच बाकावरून हात वर झाला. बोटं काळी होती, पार नखांच्या कडांपर्यंत.

“मॅडम, फेयॉलला हे कुठे कळलं?”

मी म्हणाले, १९१६ साली त्याचं लिखाण प्रसिद्ध झालं, त्यात ही चौदा तत्त्वं आहेत. तो म्हणाला, “लिहिलं तिथे. पण त्याला कळलं कुठे?” वर्ग हसला. उशिरा येऊन वर वेळ काढतोय, असं मला वाटलं. “ते आपल्याला अभ्यासक्रमात नाही,” असं म्हणून मी तिसऱ्या तत्त्वाकडे गेले. तास संपला, हजेरी झाली, स्टाफरूममध्ये चहा झाला. शिवाजीनगरला लोकलमध्ये बसल्यावर मात्र तो प्रश्न पुन्हा कानात वाजायला लागला. त्याच्या आवाजात आगाऊपणा नव्हता. खरंच माहीत करून घ्यायचं असतं तेव्हा माणूस जसा विचारतो, तसं त्यानं विचारलं होतं. खडकी गेलं, दापोडीला एसटीचं वर्कशॉप मागे पडलं, आणि मी सोळा वर्षांत स्वतःला हे एकदाही विचारलेलं नाही, हे लक्षात येऊन मला कसंतरीच झालं. फेयॉलचा जन्म कधीचा, तत्त्वं किती, त्यातलं सातवं कोणतं, सगळं पाठ. पण हा माणूस कुठे उभा होता, काय बघत होता, त्याचं काय अडलं होतं?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. फेयॉल मूळचा खाणीचा इंजिनीअर. १८६० मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, मध्य फ्रान्समधल्या कोमांत्रीच्या कोळसा खाणीत तो कामाला लागला. दुसऱ्याच वर्षीची, १८६१ च्या मे महिन्यातली त्याची एक नोंद आहे. खाणीच्या सहाव्या पातळीवर काम करणाऱ्या घोड्याचा सकाळी पाय मोडला. फेयॉलनं दुसरा घोडा द्यावा म्हणून चिठ्ठी लिहिली. तबेल्यावरच्या माणसानं घोडा द्यायला नकार दिला, कारण चिठ्ठीवर मुख्य साहेबांची सही नव्हती. मुख्य साहेब बाहेर गेलेले. त्यांच्या जागी कोण, हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. फेयॉलनं विनवण्या केल्या, पण तो माणूस हलला नाही. त्याला तशी सक्त ताकीद होती. घोडा मिळाला नाही आणि सहाव्या पातळीवरचं काम त्या दिवशी बंद राहिलं. नोंद एवढीच. त्यातून त्या पोरसवदा इंजिनीअरनं काढलेला अर्थ असा की, अधिकाराची जागा कधी रिकामी राहता कामा नये. साहेब नसेल तेव्हा त्याच्या वतीनं बोलणारं कुणीतरी हवंच.

१८६१ ते १९१६. घोड्याचा पाय मोडल्यापासून ती तत्त्वं छापून यायला ५५ वर्षं गेली. मधल्या काळात, १८८८ मध्ये, तीच कंपनी बुडायच्या बेतात असताना फेयॉल तिचा प्रमुख झाला आणि १९१८ मध्ये निवृत्त झाला तेव्हा ती भक्कम पायावर उभी होती. लिखाण आलं तेव्हा त्याची पंचाहत्तरी आली होती. पुढे १९४९ मध्ये कॉन्स्टन्स स्टॉर्स यांचा इंग्रजी अनुवाद आला आणि तिथून तो जगभरच्या वर्गांत गेला. पुणे विद्यापीठही त्याच साली सुरू झालेलं. या सगळ्या प्रवासात घोडा कुठे गळून पडला कोण जाणे. माझ्या हातात आलं ते फक्त ‘अधिकार आणि जबाबदारी यांत समतोल असावा’ हे वाक्य, आणि तेच मी दरवर्षी सव्वाशे मुलांच्या हाती सोपवत राहिले.

त्या आठवड्यात मी बरंच वाचलं. फेयॉलनं व्यवस्थापनाची पाच अंगं सांगितली, त्यातल्या पहिल्यासाठी त्याचा फ्रेंच शब्द आहे ‘प्रेव्वायान्स’. पुढचं ओळखणं आणि त्याची तयारी करणं, हे दोन्ही त्या एका शब्दात येतं. आपण त्याला ‘नियोजन’ म्हणतो आणि मुलं लगेच तक्ते काढायला घेतात. मला आठवली आई. बाबांच्या कंपनीत एका वर्षी संप झाला. तो व्हायच्या दोन महिने आधीच आईनं तांदळाचं पिंप गळ्यापर्यंत भरलं होतं, रॉकेलचा एक डबा मोरीमागे झाकून ठेवला होता आणि माझ्या शाळेची सहामाही फी आगाऊ भरून टाकली होती. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. नळावरच्या बायकांच्या बोलण्यातून, बाबा डबा अर्धा परत आणायला लागले त्यातून, तिनं हवा ओळखली होती. विचारलं तर म्हणायची, “तजवीज करून ठेवावी गं.” तजवीज. फेयॉलच्या शब्दाला याहून जवळचा शब्द मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही.

आणि मग फ्रेडरिक टेलर, घड्याळ लावून कामगाराचं काम मोजायची पद्धत आणणारा अमेरिकन इंजिनीअर. त्याच्याविषयी लिहिताना माझा हात अजून अडखळतो, कारण टेलर आमच्या घरात जेवणाच्या ताटावर येऊन बसायचा. फक्त त्याचं नाव आम्हाला माहीत नव्हतं. बाबा पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीत टर्नर होते, म्हणजे लेथवर काम करायचे. फर्स्ट शिफ्ट, सात ते साडेतीन. घरी आले की कूलंटचा आंबूस वास त्यांच्याबरोबर दारातून आत यायचा, आणि तळहाताच्या रेषांत लोखंडाची बारीक काळी कड कायमची बसलेली. ज्या दिवशी खात्यात टाइम स्टडीवाला आलेला असायचा, त्या दिवशी बाबा फार बोलायचे नाहीत. पांढरा शर्ट घातलेला तो मुलगा हातात पॅड आणि स्टॉपवॉच घेऊन पाठीमागे उभा राहायचा. जॉब चकमध्ये धरला, घड्याळ सुरू. टूल लावलं, नोंद. माप घेतलं, नोंद. “पाठीला डोळे फुटतात माणसाच्या,” बाबा म्हणायचे. मग हात आपसूक सावकाश व्हायचा. फीड थोडं कमी. मायक्रोमीटर एकदा लावायचा तिथे दोनदा. कारण आज घड्याळात जो आकडा बसेल, तोच उद्या टार्गेट म्हणून बोर्डावर लागणार आणि परवा तो वाढणार, हे खात्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी आठवी-नववीत असेन. इतका सरळ माणूस कामावर मुद्दाम हात आखडता घेतो, हे मला तेव्हा खूप लागलं होतं. मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं होतं. बाबा ताटातला भात कालवत राहिले.

पुढे मी टेलर शिकले, मग शिकवायला लागले. १९११ चं पुस्तक, बेथलेहेम स्टीलमधला लोखंडाच्या कांबी उचलण्याचा प्रयोग, दिवसाला साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टन, मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर. हे आकडे मुलांना फार आवडतात, आणि खरं सांगायचं तर मलाही आवडायचे, फळ्यावर लिहिले की वर्गात एक ‘ओहो’ उमटतो. टेलरनं सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी घडली नव्हती असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं, हेही मी एका वाक्यात सांगून मोकळी व्हायचे. एकदा जेवताना बाबांना हे आकडे सांगितले. त्यांनी पेपरच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं भागाकार केला. “म्हणजे काम चौपटीच्या जवळ, आणि पगार दीडपटीच्या थोडा वर,” ते म्हणाले. तेवढंच.

पण टेलरला तरी हे कुठे कळलं, असं त्या मुलाच्या प्रश्नामुळे मी पहिल्यांदा विचारलं, आणि उत्तर वाचून बराच वेळ पुस्तक तसंच मांडीवर राहिलं. टेलरला ते लेथवर कळलं. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टीलमध्ये १८७८ मध्ये तो साधा कामगार म्हणून लागला होता, मग लेथवर काम केलं, मग त्याच लेथवाल्यांचा मुकादम झाला. कामगार मुद्दाम सावकाश करतात हे त्याला माहीत होतं, कारण काल तो त्यांच्यातलाच होता. काम जास्त निघालं की मालक नगाचा दर कापतात, म्हणून हात आखडतो, हे कारणही त्यानं स्वच्छ लिहून ठेवलंय. मुकादम म्हणून त्याचं त्या माणसांशी दोन-तीन वर्षं भांडण चाललं. दिवसभर ज्याच्या चेहऱ्याकडे बघावं त्याच्या डोळ्यांत वैर दिसतं, असं जगणं भयंकर असतं, असंही त्यानं नंतर सांगितलं. त्यातून बाहेर पडायचा रस्ता म्हणून त्यानं घड्याळ हातात घेतलं. ते घड्याळ हातोहात फिरत पिंपरीत येऊन बाबांच्या पाठीमागे उभं राहिलं. मधल्या मधे लेथ आणि ते वैर, दोन्ही पुसलं गेलं होतं; उरला तो पांढऱ्या शर्टातला बिचारा मुलगा, ज्याला आपण इथे का उभे आहोत हे बहुतेक कुणी सांगितलेलं नसावं.

आणखी एक गोष्ट त्याच पुस्तकात आहे, ती मी वर्गात कधी सांगितली नव्हती. कांबी उचलणाऱ्या त्या माणसाला टेलर ‘श्मिट’ म्हणतो. त्याचं खरं नाव हेन्री नॉल. टेलरनं या कामाच्या माणसाची तुलना बैलाशी केलीय. आणि तोच टेलर सांगतो की हा माणूस छोटी जागा विकत घेऊन तिथे स्वतःच्या घराच्या भिंती उभ्या करत होता, सकाळी कामावर यायच्या आधी आणि संध्याकाळी काम सुटल्यावर. हे वाचलं आणि मला आमचं चिंचवडचं घर दिसलं. एक गुंठा जागा. बाबा साडेतीनला सुटायचे, कंपनीच्या बसमधून उतरले की घरी न येता थेट बांधकामावर जायचे, आणि अंधार पडेपर्यंत ओल्या भिंतींना पाणी मारत राहायचे. मी डबा घेऊन जायची. विटा पाणी पिताना एक बारीक चुरचुर आवाज येतो आणि सिमेंटचा गार वास सुटतो. विटा किती, सिमेंटची गोणी कधी आणायची, गवंड्याला आगाऊ किती द्यायचे, कुठल्या महिन्यात स्लॅब टाकला तर बोनस हाताशी असेल, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. कागदावर एक ओळ नव्हती. नियोजन, संघटन, समन्वय, नियंत्रण: आठ बाय दहाच्या खोलीपुरतं का होईना, सगळं होतं. तिथे त्यांच्या पाठीमागे कुणी घड्याळ घेऊन उभं नव्हतं आणि हातही आखडलेला नव्हता.

परवा रात्री मी बाबांना टेलरच्या लेथबद्दल सांगितलं. ते आता एक्क्याऐंशीचे आहेत. “मग तो आपलाच होता की,” म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “मग त्याला कळायला हवं होतं.”

व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या मेरी पार्कर फॉलेटला आमच्या अभ्यासक्रमात जेमतेम दोन ओळी मिळतात. तिला तिची गोष्ट ग्रंथालयात कळली: एकाला खिडकी उघडी हवी, तिला बंद, कारण वारा थेट तिच्या अंगावर येत होता, शेवटी पलीकडच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली आणि दोघांचंही भागलं. हे वाचताना मला वाटायला लागलं की माझ्या वहीतलं प्रत्येक तत्त्व कुठल्या तरी जागी, कुठल्या तरी दिवशी, कुणाचं तरी अडलं म्हणून जन्मलेलं आहे, आणि मी ती जागा सोडून बाकी सगळं शिकवत आलेय.

एक जागा तर मी स्वतः पाहिलेली होती. तीन वर्षांपूर्वी माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालले होते. दिवे घाटात पाय भरून आले, चिखलाचे बूट हातात घेऊन शेवटचा टप्पा काढला. रात्री तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहिल्या. हजारो टाळ एका वेळी वाजत होते. आवाज कानांपेक्षा छातीत जास्त जाणवतो. मग चोपदारांनी हातातला दंड उंचावला, आरोळी दिली, आणि टाळ थांबले. इतकी माणसं एका क्षणात गप्प झालेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. फक्त एका बाजूनं एका दिंडीचे टाळ चालूच. मला वाटलं त्यांच्या लक्षात आलं नसेल. शेजारच्या आजी म्हणाल्या, “तक्रार हाय त्यांची. ऐकून घेतल्याबिगर टाळ थांबायचं न्हाई.” चोपदार त्या दिंडीपाशी गेले, काही बोलणं झालं, मग ते टाळही थांबले. त्यानंतर हरवलं-सापडलं पुकारलं गेलं आणि मग आरती. एवढ्या मोठ्या मेळ्यात तळातल्या माणसाचं म्हणणं वर पोचायला अर्ज नाही, खिडकी नाही, वेळ घेणं नाही. गप्प बसायचं नाही, एवढाच नियम. आणि त्याचं ऐकून होईपर्यंत बाकीच्या सगळ्यांनी थांबायचं. आमच्या पुस्तकात याला ऊर्ध्वगामी संदेशवहन म्हणतात, तीन गुणांना येतं.

वर्ग हसला होता तेव्हा तो मुलगा दुसऱ्यांदा विचारून गप्प झाला होता. मी थांबून ऐकलं असतं तर त्यानं पुढे काहीतरी सांगितलं असतं.

पुढच्या मंगळवारी मी फळ्यावर काही लिहिलं नाही. टेबलाला टेकून घोड्याची गोष्ट सांगितली: खाण, सहावी पातळी, चिठ्ठी, सही, तबेलेवाला. कुणी हसलं नाही. मागच्या मंगळवारी जो प्रश्न आला होता त्याचं हे उत्तर आहे, आणि ते तेव्हा द्यायला हवं होतं, असंही म्हणाले. तास संपल्यावर तो टेबलापाशी आला. बोटं तशीच काळी. “मॅडम, त्या दिवशी आमच्याकडे डिट्टो असंच झालेलं,” तो म्हणाला.

तो पेपरची लाईन टाकतो. पहाटे पावणेचारला उठून चौकात फुटपाथवर गठ्ठे उतरवायचे, पुरवण्या भरायच्या, मोजून आपापल्या लाईनीचे पेपर घ्यायचे आणि सायकल मारत तीन पेठा फिरून सातच्या आत मोकळं व्हायचं. त्या मंगळवारी पुरवणीची गाडी आलीच नाही. एजन्सीचे शेठ गावाला गेलेले, फोन लागेना. पुरवणीशिवाय पेपर टाकायचे की थांबायचं? गठ्ठ्यांवर बसणारे काका म्हणाले, शेठना विचारल्याशिवाय एक पेपर उचलायचा नाही. अकरा पोरं ताडपत्रीखाली पेपरवर हात ठेवून पावसात बसून राहिली. गाडी आली तेव्हा सव्वासहा वाजले होते. लोकांनी दारातच झापलं. तीन गिऱ्हाइकांनी पेपर बंद केला. तो लाईन संपवून धावत वर्गात आला, तर फळ्यावर अधिकार आणि जबाबदारी. “मला वाटलं, याला कसं काय कळलं आमच्याकडचं?”

मी त्याला दारात काय बोलले होते, ते मला आठवत होतं. त्यालाही आठवत असणार. आधी मी त्याची माफी मागितली. तो इतका गडबडला की मलाच विषय बदलावा लागला. “शेठ परत आल्यावर काय म्हणाले?”

“म्हणाले, डोकं चालवायचं ना. काकांना लई बोलले, सगळ्यांसमोर.” मग थोडं थांबून, “पण काकांची काय चूक, मॅडम? मागच्या दिवाळीत त्यांनी स्वतःच्या मनानं पेपर सोडले होते, तेव्हाही शेठनी त्यांनाच झापलेलं.”

सोळा वर्षं सोडाच, घोडा सापडल्यावरच्या या आठवड्यातही मी त्या तबेलेवाल्याला अडेल माणूस म्हणूनच बघत होते. त्यानं आधी कधी सहीशिवाय घोडा दिला असेल आणि त्याचं काय झालं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

“त्या तबेल्यावाल्याला नंतर कुणी काही बोललं का?” त्यानं विचारलं.

“नोंदीत ते नाही. त्याचं नावही नाही.”

“असं कसं?” तो म्हणाला. पुढच्या तासाची मुलं आत यायला लागली होती. त्यानं बाकावरचा रेनकोट उचलला, झटकला, दारापर्यंत गेला आणि परत आला. “मॅडम, उद्या पुरवण्या जास्त आहेत. पाच-दहा मिनिटं उशीर झाला तर चालेल का?”

“विचारायला थांबू नकोस,” मी म्हणाले. “दार उघडून आत ये आणि बस.”